कोऱ्या सेटिंग फाइलची कुळकथा

तारकर्लीच्या एखाद्या न्याहारी-निवासासाठी बुकिंगचं संकेतस्थळ बांधायला बसलेल्या मालवणच्या पोराच्या शेजारी शंका विचारायला कोणी वरिष्ठ नसतो. पहिलं पान दिसायच्या आधीच फ्रेमवर्क त्याच्यासमोर सेटिंगची भली मोठी फाइल टाकत असेल, तर तो तिथंच अडकतो. आज बहुधा तसं होत नाही. ही सोय त्याच्यापर्यंत कशी पोचली, ते सांगण्यासारखं आहे.

मूळ जुनं आहे. 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमननं प्रोग्राम बांधून देणारं 'मेक' हे साधन लिहिलं. सी भाषेतली फाइल कशी बांधायची, याचे नियम त्यातच भरलेले होते. आजही लिनक्सवर 'हॅलो' नावाची सी फाइल असेल, तर मेकफाइल नसतानाही 'मेक हॅलो' म्हटलं की प्रोग्राम तयार होतो.

नेहमीचं आधीच गृहीत धरायचं, हा धडा मधल्या काळात जावाच्या जगात विसरला गेला. 2000 साली क्रेग मॅक्लनाहनचं 'स्ट्रट्स' हे वेब फ्रेमवर्क आलं. त्यात नवं पान जोडायचं तर एक्सएमएल फाइलीत पत्ता, फॉर्म आणि पुढची वाट हातानं लिहावी लागे. हेतू चांगला होता: कोड पुन्हा न बांधता बदल करता यावा. प्रत्यक्षात कोड आणि फाइल दोन्ही बदलणारा माणूस एकच असे, आणि नावातलं एक अक्षर चुकलं की दुपार जायची.

जुलै 2004 मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सननं 'बेसकॅम्प' या वेब ॲप्लिकेशनच्या कोडमधून 'रेल्स' हे फ्रेमवर्क वेगळं काढलं आणि ठरवलं, की जे सगळीकडे सारखंच असतं ते विचारायचंच नाही. क्लासचं नाव 'बुकिंग', तर टेबल 'बुकिंग्ज'. पाहुण्याची ओळख 'गेस्ट आयडी' या रकान्यात. पानांचा फोल्डर त्याच नावाचा. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, हात लावायला आलेल्या माणसाला दोर कसा धरायचा आणि वाटा कसा पडतो हे कागदावर लिहून द्यावं लागत नाही, तसंच हे. नियम इंग्रजीचे असल्यानं 'पर्सन'चं टेबल आपोआप 'पीपल' होतं; मराठी नावांच्या अनेकवचनाचा नियम मात्र आपण घालायचा.

तरी रेल्सनं डेटाबेसची एक सेटिंग फाइल ठेवलीच, आणि मला त्यातलं खरं शहाणपण तिथंच दिसतं. डेटाबेसचं नाव, पासवर्ड, सर्व्हरचा पत्ता या गोष्टी दर ठिकाणी खरोखरच वेगळ्या असतात. तेवढ्याच विचारायच्या.

मग जावालाही वळावं लागलं. 2006 च्या 'ईजेबी 3' या जावाच्या प्रमाणकानं नेहमीचं गृहीत धरून फक्त अपवाद लिहायला सांगितले. 2014 मध्ये जावाचंच 'स्प्रिंग बूट' हे फ्रेमवर्क आलं. त्याची सेटिंग फाइल कोरी ठेवली तरी वेब ॲप्लिकेशन 8080 पोर्टवर सुरू होतं. पोर्ट बदलायचा तर एक ओळ पुरते.

हीच रीत आपल्या जवळही दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ एनआयसी या सरकारी संस्थेच्या 'एसथ्रीवास' या तयार व्यवस्थेवर चालतं. देशभरच्या जिल्ह्यांसाठी ठेवण बरीचशी तीच. बदलतो तो मजकूर.

तेव्हा कुडाळ-कणकवलीत पहिलं काम हाती घेणाऱ्यांनी नवं फ्रेमवर्क निवडताना त्याची जाहिरात बाजूला ठेवावी. सेटिंग फाइल कोरी ठेवून ते चालू होतं का, एवढं आधी करून बघावं.