गावचा माणूस की सरकारचा?

कुटुंब नियोजनाचा इतिहास सांगताना आपण बहुधा साधनांबद्दल बोलतो. निरोध, तांबी, शस्त्रक्रिया वगैरे. आज आम्हाला बोलायचे आहे ते ही साधने घेऊन उंबरठ्याशी उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल.

सरकारी कार्यक्रम सुरू झाला 1952 साली. पण गावाच्या मनात त्याचे जे चित्र पक्के बसले, ते 1976चे. त्या एका आर्थिक वर्षात देशभर 82 लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या सुमारे तीनचतुर्थांश पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, ज्याला त्याला ‘केस’ आणायची सक्ती. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अडले. हे आपण सोयीस्करपणे विसरतो, आणि सगळे खापर दिल्लीवर फोडतो!

पुढच्या वर्षी आकडा दहा लाखांच्या आत आला. पण गंमत बघा (गंमत कसली म्हणा), त्यात पुरुष अगदी थोडे. सरकारला धडा मिळाला, आणि ओझे गेले बायकांच्या अंगावर. ते अजून उतरलेले नाही.

याच पार्श्वभूमीवर 2 ऑक्टोबर 1977 रोजी जनता सरकारने आरोग्य स्वयंसेवकांची योजना आणली. हजार वस्तीमागे एक, गावानेच निवडलेला. तीन महिने प्रशिक्षण, महिना 50 रुपये मानधन. कल्पना उत्तम होती. पण निवडले गेले बहुतेक पुरुष. आता सांगा, सासुरवाशिणीने पाळी चुकल्याचे या बाप्याला कसे सांगायचे? 1981 नंतर योजनेचा सगळा खर्च केंद्राच्या कुटुंब कल्याण खात्यातून होऊ लागला. मानधन जिथून येते तिथला शब्द मानावा लागतो. गावाने निवडलेला माणूस असा हळूहळू सरकारचा होतो.

त्याआधीच, 1970 पासून, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेगळी वाट चालत होते. त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. या बाया बाळंतपण सांभाळत, मुलांची वजने करत, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी द्यायला शिकवत. आणि त्याच ओघात पाळणा लांबवण्याचा विषय निघे. आमच्या मते सगळे मर्म या क्रमात आहे. झालेले मूल जगेल असा भरवसा नाही, तोवर पुढचे नको असे आई कशी म्हणेल? कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. जामखेडच्या बायांनी कांट वाचलेला नव्हता. ‘केस’ या शब्दात मात्र तो पुरता हरवला होता.

सरकारने 1996 साली वरून लादलेली टार्गेटे अधिकृतपणे काढली. 2005 साली आशा आली: बाईच, त्याच गावची, पुन्हा हजार वस्तीमागे एक. म्हणजे जामखेडचे अर्धे तरी उचलले. पण तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. आणि त्या यादीत शस्त्रक्रियेची केस आणण्याचाही मोबदला आहे. पुढे 2012च्या सुमारास काही राज्यांत लग्नानंतर दोन वर्षे, आणि पहिल्या-दुसऱ्या मुलात तीन वर्षे अंतर राखायला जोडप्याला मदत केल्याबद्दलही तिला 500 रुपये मिळू लागले. निदान इथे जोडप्याला थांबायला सांगून, ऑपरेशनला न नेताही, तिच्या पदरात काही पडते.