कपडे वाळवणाऱ्या यंत्राच्या पोटात



आजच्या इतिहासाच्या गप्पांत आम्ही घेऊन आलोय कपडे वाळवणारं यंत्र, म्हणजे ड्रायर. आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे दोन टाक्यांच्या वॉशिंग मशीनमधल्या छोट्या टाकीला ड्रायर म्हणतात. पण ती टाकी कपडे गरगर फिरवून पाणी काढते, म्हणजे पिळण्याचं काम करते. त्यानंतर कपडे दोरीवर टाकावेच लागतात. आमचा आजचा ड्रायर थंड मुलखातला आहे. ओले कपडे आत टाकायचे आणि घडी घालण्याजोगे कोरडे बाहेर काढायचे. तो शेतावरच्या घरांत कसा पोचला आणि बिघडला की लोक घरीच कसा दुरुस्त करत, यात आपल्या गटांना घेण्यासारखं बरंच आहे.

कपडा वाळतो कशानं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ऊन लागतं, वारा लागतो आणि कपडा झटकून मोकळा करावा लागतो. ड्रायर म्हणजे याच तीन गोष्टी एका पेटीत कोंबलेल्या.

पहिला प्रयत्न १८०० च्या सुमाराचा. फ्रान्समध्ये पोशाँ नावाच्या माणसानं भोकं पाडलेलं धातूचं पिंप केलं. त्यात ओले कपडे भरायचे, ते विस्तवावर धरायचं आणि दांडा हातानं फिरवायचा. कपडे वाळायचे खरे, पण धुराचा वास आणि काजळीही घेऊन यायचे. पुढे १८९२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज सॅम्सन या कृष्णवर्णीय संशोधकानं शेगडीच्या उबेवर कपडे वाळवायच्या चौकटीचं पेटंट मिळवलं. म्हणजे उघडा विस्तव टळला.

आजच्या ड्रायरचा खरा पूर्वज मात्र एका शेतावर जन्मला. अमेरिकेच्या उत्तरेला नॉर्थ डकोटा हे राज्य आहे. तिथल्या हिवाळ्यात दोरीवरचा ओला कपडा फळीसारखा कडक होतो. तिथल्या रॉस मूर या माणसानं कपडे वाळवण्यासाठी आधी एका खोपटात शेगडी मांडली, मग फिरणारं पिंप बसवलं. वर्षानुवर्षं तो सुधारणा करत राहिला आणि कारखानदारांचे उंबरे झिजवत राहिला. शेवटी विस्कॉन्सिन राज्यातल्या हॅमिल्टन कंपनीनं १९३८ मध्ये त्याचं यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘जून डे’, म्हणजे जून महिन्यातला दिवस. तिकडे जून म्हणजे ऐन उन्हाळा. आपल्याकडे जूनमध्ये पावसानं कपडे वाळेनासे होतात, तिकडे मात्र तोच महिना वाळवणाचा!

यंत्र निघालं, पण वीज कुठे होती? १९३५ च्या आसपास अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. त्या वर्षी सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं सुरू केलं. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्जं मिळाली, त्यांनी खांब उभे केले. या खात्यात लुइझान मेमर नावाच्या बाई होत्या. त्या गावोगावच्या विजेच्या प्रदर्शनांत विजेच्या शेगडीवर रांधून दाखवत, उपकरणं वापरायची रीत समजावत. मोठ्या तंबूतल्या या प्रदर्शनाला लोक ‘विजेची सर्कस’ म्हणत. त्याच काळात खेड्यातल्या बायकांची मंडळंही होती. कृषी विस्तार खात्याच्या कार्यकर्त्या तिथे येऊन अन्न टिकवण्यापासून शिवणकामापर्यंत सगळं करून दाखवत. आपले गट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र कळेल.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. १९५०-६० च्या काळातल्या ड्रायरमध्ये भाग मोजके. एक मोटर, एक पिंप, पिंपाला वेढा घालणारा पट्टा, खाली आधाराची छोटी चाकं, तापणारी तार, हवा ओढणारा पंखा, उष्णता आवरणारा थर्मोस्टॅट, वेळेचं बटण आणि दाराचा स्विच. त्यामुळे बिघाड शोधायला तीन प्रश्न पुरत. फिरतंय का? तापतंय का? वारा वाहतोय का?

पिंप फिरत नाही, पण मोटरचा आवाज येतोय, तर बहुधा पट्टा तुटलेला. मोटर मुकीच असेल, तर आधी वीज येते का ते बघायचं, मग दाराचा स्विच. फिरताना धप धप आवाज येत असेल, तर आधाराची चाकं झिजलेली. किंचाळल्यासारखा आवाज आला, तर पट्टा ताणणारी पुली कोरडी पडलेली.

पिंप फिरतंय पण आत थंडगार, या बिघाडाची गंमत ऐका. अमेरिकेतल्या घरात विजेच्या दोन फेज येतात, प्रत्येकी १२० व्होल्टच्या. ड्रायरची मोटर एका फेजवर चालते. तापणाऱ्या तारेला मात्र दोन्ही मिळून २४० व्होल्ट लागतात. दोनांपैकी एकच फ्यूज उडाला, तर पिंप मजेत फिरत राहतं आणि कपडे ओलेच राहतात. घरवाल्यांना वाटतं, यंत्र गेलं. जाणती बाई यंत्र उघडायच्या आधी फ्यूजची पेटी उघडायची. फ्यूज ठीक असले, तर प्लग काढून, तापणारी तार तुटली आहे का, ते मीटर लावून बघायचं.

तिसरा प्रश्न वाऱ्याचा, आणि तोच जिवाशी खेळणारा. कपड्यांतून बारीक तंतू सुटतात. ते जाळीत आणि हवा बाहेर नेणाऱ्या नळीत कापसासारखे साठतात. मग दमट हवा बाहेर पडत नाही, कपडे वाळायला दुप्पट वेळ लागतो, आतली उष्णता वाढत जाते. वाळलेले तंतू पेटायला ठिणगीसुद्धा पुरते. अमेरिकी सरकारच्या अग्निशमन विभागानं २००८ ते २०१० या काळाचा हिशेब मांडला. घरांमध्ये ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि सगळ्यात मोठं कारण होतं साफसफाई न करणं. म्हणून जुन्या जाणत्यांचा नेम असे: प्रत्येक वेळी जाळी साफ, अधूनमधून नळी साफ. आणि उष्णता वाढल्यावर वीज तोडणारा भाग पुन्हा पुन्हा उडत असेल, तर त्याला वगळून तार थेट जोडायची नाही. तो भाग उडतो म्हणजे आपल्याला हाक मारतो. हाक कशासाठी, ते शोधायचं.

पुढे यंत्रांत इलेक्ट्रॉनिक पाट्या आल्या. यंत्रं हुशार झाली, पण घरच्या माणसाला उघडणं अवघड झालं. पाटी गेली की अख्खी बदला, नाहीतर नवं यंत्र घ्या, असं दुकानदार सांगू लागले. ही तक्रार जगभर आहे. आपल्या देशातही २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून संकेतस्थळही सुरू केलं. ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

आमच्या मते या इतिहासाचं सार हे, की यंत्र ज्याच्या हाताखाली चालतं, त्याला त्याचं पोट ठाऊक असावं. आपल्या गटांकडे पिठाची गिरणी आहे, मसाला कांडप आहे, शेवयांचं यंत्र आहे. ते बंद पडलं की दिवसाची कमाई बुडते. मिस्त्री येईपर्यंत नुसतं बसून राहू नका. पहिलं काम, प्लग काढा किंवा मेन बंद करा. मग विचारा: वीज येते का, मोटर बोलते का, पट्टा ताणलेला आहे का, हवेची वाट मोकळी आहे का. घरच्या वॉशिंग मशीनची पिळणारी टाकी अडली, तर झाकण नीट बसलंय का आणि टाकीखाली एखादा रुमाल अडकलाय का, ते बघा. झाकण उघडूनही टाकी फिरतच राहिली, तर तिचा ब्रेक ढिला झालाय. तिच्यात हात घालू नका, ब्रेक आधी दुरुस्त करून घ्या. उघड्या तारा, अर्थिंग, मोटरची गुंडाळी ही कामं वायरमनचीच.

आणि एक वही करा. यंत्र कधी घेतलं, काय बिघडलं, कोणता भाग बदलला, किती पैसे गेले, सगळं तारीख घालून लिहा. मिस्त्री आला की एकीनं शेजारी उभं राहून बघायचं आणि विचारायचं, “दादा, हे कशानं झालं?” त्यांचं उत्तर वहीत लिहायचं. जुना भाग काढला, तर मागून घ्यायचा. पुढच्या बैठकीत तो हातोहात फिरू द्या. झिजलेला पट्टा एकदा बोटांना कळला, की पुढचा पट्टा तुटायच्या आधी ओळखता येतो.