टॉर्पेडोनं न बुडालेलं जहाज

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचं गाव आहे. परदेशातल्या स्कूबा ट्रिप काढणाऱ्या बहुतेकांच्या यादीत ते असतं, कारण तिथे किनाऱ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर ‘लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज बुडालेलं आहे. बोट लागत नाही. टँक पाठीवर घ्यायचा आणि चालत समुद्रात शिरायचं. उतरण्याआधी गाईड फळ्यावर जहाजाची आकृती काढून ब्रीफिंग देतो. किती खोल जायचं, हवा किती उरली की खूण करायची, ग्रुपपासून सुटलात तर काय करायचं. या सगळ्यात इतिहासाच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो. १९४२ साली जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला, १९६३ साली ज्वालामुखीनं जहाज समुद्रात ढकललं. ओके? चला, मास्क.

या अर्ध्या मिनिटात चुकीचं काही नाही. फक्त पहिलं वाक्य ऐकून आपले डोळे चमकतात आणि दुसरं वाक्य कानावरून जातं. मी गेलो होतो तो आमचा पुण्याचा अकरा जणांचा ग्रुप. परत येताना व्हॅनमध्ये सगळी चर्चा दुसऱ्या महायुद्धाची. फोटोंखाली सगळ्यांनी लिहिलं तेही ‘वर्ल्ड वॉर टू रेक’. परत आल्यावर मी या जहाजाबद्दल वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की हे जहाज युद्धात बुडालंच नव्हतं.

आधी नावाचा घोळ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ‘लिबर्टी शिप’ नावाची एकसाची मालवाहू जहाजं धडाधड बांधली, तब्बल २,७१०. त्यातलं पहिलं, ‘पॅट्रिक हेन्री’, सप्टेंबर १९४१ मध्ये पाण्यात सोडलं. तुलांबेनचं जहाज त्यातलंच एक, असं पुष्कळ डायव्हर समजतात. ते त्यातलं नाही. त्याचं फक्त नाव ‘लिबर्टी’ आहे. न्यू जर्सीतल्या कर्नी इथे ते १९१८ साली बांधलं, म्हणजे पहिल्या महायुद्धासाठी. आमच्या धंद्यात दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं की पुढे किती दिवस जातात ते ज्यानं डीबग केलंय त्याला ठाऊक. इथे तर कित्येक दशकं गेली.

जानेवारी १९४२ मध्ये ही ‘लिबर्टी’ ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे निघाली होती. पोटात रेल्वेचे सुटे भाग आणि रबर. ११ जानेवारीला लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. जहाजाला भोक पडलं, पण ते तरंगत राहिलं. अमेरिकेची ‘पॉल जोन्स’ आणि डचांची ‘व्हान घेंट’ या दोन विनाशिकांनी त्याला दोर बांधून बालीच्या उत्तरेकडच्या सिंगाराजा बंदराकडे ओढायला सुरुवात केली. बाली तेव्हा डचांच्या ताब्यात होतं आणि सिंगाराजा हे त्यांच्या कारभाराचं ठाणं. मात्र जहाजात पाणी इतकं भरत चाललं, की तिथवर पोचणं शक्य नव्हतं. माल तरी वाचावा म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर त्याला मुद्दाम रुतवलं. पुढच्याच महिन्यात जपानी फौजा बालीत उतरल्या.

मग २१ वर्षं ते तिथेच किनाऱ्यावर पडून राहिलं. जपानी आले आणि गेले, डच परत आले आणि हरले, इंडोनेशिया स्वतंत्र झाला. जहाज जागचं हललं नाही. ते हललं डोंगरामुळे.

तुलांबेनच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की समोर आगुंग दिसतो. तीन हजार मीटरहून उंच, बालीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत पवित्र डोंगर. त्याच्या पलीकडच्या उतारावर बेसाकीचं मंदिर आहे, बालीच्या हिंदूंचं मुख्य मंदिर. तिथे शंभर वर्षांतून एकदा करायचा एक विधी आहे आणि त्याचं नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही: एकादश रुद्र. आपल्याकडे रुद्राची अकरा आवर्तनं करतात, तिथे अकरा रुद्रांना शांत करतात. हिशेबही आपल्याच ओळखीचा आहे. बालीचं पंचांग शकाचं. २०२३ मध्ये त्यांचं नववर्ष, न्येपी, आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले होते. नियमाप्रमाणे हा विधी शकाच्या ज्या वर्षाच्या शेवटी दोन शून्यं असतील त्या वर्षी व्हायला हवा.

१९६३ च्या मार्चमध्ये शके १८८४ चालू होतं. शून्यं नव्हती. तरी विधी घ्यायचं ठरलं. कुठली तिथी योग्य यावर पुजाऱ्यांमध्ये एकमत नव्हतं. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना हा सोहळा हवा होता. त्यांची आई बालीची. परदेशी ट्रॅव्हल एजंटांना तो दाखवून बालीकडे पर्यटक खेचायचे, असाही बेत होता, असं त्या काळाबद्दल लिहिणारे सांगतात. ते खरं असेल तर परदेशी ग्रुप टूरची स्वप्नं आणि हा डोंगर यांची गाठ आपल्या खूप आधीच पडलेली आहे.

१८ फेब्रुवारी १९६३ ला आगुंग गुरगुरायला लागला. शंभरेक वर्षं तो गप्प होता. काही दिवसांतच लाव्हा बाहेर पडून उत्तरेच्या उतारावरून, म्हणजे तुलांबेन ज्या बाजूला आहे त्या बाजूनं, सावकाश खाली यायला लागला. विधी थांबवला गेला नाही. ८ मार्चला त्याचा मुख्य दिवस धूर सोडणाऱ्या डोंगराखाली पार पडला. नऊ दिवसांनी, १७ मार्चला, डोंगर फुटला.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला लाल लाव्हा आठवतो. पण लाव्हा हळू असतो, त्याच्यापुढे बहुतेकदा चालत निघून जाता येतं. आगुंगनं माणसं मारली ती दुसऱ्याच गोष्टीनं. तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोंढा उतारावरून गाडीपेक्षाही वेगानं येतो आणि वाटेतलं गाव जागच्या जागी भाजून काढतो. त्यानंतर पाऊस पडला की उतारावरची सगळी राख चिखल होऊन खाली येते आणि उरलेली घरं नेते. १६ मेला पुन्हा मोठा स्फोट झाला. उद्रेक पूर्ण थंडावायला जानेवारी १९६४ उजाडला. हजाराहून जास्त माणसं गेली. शेतं राखेखाली गेली, उपासमार झाली, हजारोंनी सुमात्रा आणि सुलावेसीचा रस्ता धरला. बेसाकीचं मंदिर बऱ्याच अंशी वाचलं, आणि त्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या परीनं लावला.

याच गडबडीत कधीतरी ‘लिबर्टी’ किनाऱ्यावरून सरकून पाण्यात गेली आणि कुशीवर आडवी झाली. कोणी हादऱ्यांना श्रेय देतं, कोणी लाव्हाला. तेव्हा त्याकडे बघायला कोणाला सवड होती?

त्या राखेचा माग मात्र जगभर सापडतो. आगुंगनं वातावरणाच्या वरच्या थरात इतका गंधक फेकला, की ३० डिसेंबर १९६३ च्या खग्रास चंद्रग्रहणात चंद्र तांबडा दिसण्याऐवजी जवळजवळ नाहीसाच झाला. पुढे १९७८ मध्ये जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाचं एक साधं गणिती मॉडेल घेतलं, त्यात आगुंगचे कण घातले आणि पृथ्वी किती थंड व्हायला हवी ते काढलं. प्रत्यक्ष नोंदींशी उत्तर बऱ्यापैकी जुळलं. आज आपण ज्या क्लायमेट मॉडेलवर भांडतो, त्यांच्या सुरुवातीच्या परीक्षांपैकी एक या डोंगरानं घेतली होती.

बालीचं दुर्दैव तिथे संपलं नाही. १९६५ च्या शेवटी आणि १९६६ च्या सुरुवातीला इंडोनेशियात कम्युनिस्टांच्या कत्तली झाल्या. बालीत सुमारे ८० हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकार जेफ्री रॉबिन्सन यांचा अंदाज आहे. म्हणजे बेटावरच्या दर वीस माणसांमागे एक. जमिनीचे तंटे, पक्षांची वैरं, लष्कराचा हात अशी कारणं बरीच आहेत, आणि उद्रेकानंतरच्या भुकेनं त्यात भर घातली. याच १९६६ मध्ये सानूरच्या किनाऱ्यावर ‘बाली बीच’ हे टोलेजंग हॉटेल उघडलं. ते बांधलं होतं जपाननं दिलेल्या युद्ध-भरपाईच्या पैशातून. १९६९ मध्ये बालीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. आता २०२३ आणि २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाखालोखाल सर्वांत जास्त परदेशी पाहुणे भारतातून आले. आपण ज्या बेटाला ‘शांत’ म्हणून रील टाकतो त्याची शांतता इतकी ताजी आहे. आणि एकादश रुद्र १९७९ मध्ये पुन्हा केला गेला, या वेळी शके १९०० संपताना. शून्यं मोजून.

तुलांबेनला समुद्रातलं जहाज हे नंतर मिळालेलं उत्पन्न. राखेची कोरडी जमीन, थोडी मासेमारी, त्यात हे जहाज. सुमारे १२५ मीटर लांब आणि वरचा भाग पाच-सहा मीटरवर, खालचा तीसच्या आसपास. ग्रुपसाठी याहून सोयीचं काय असणार? नवशिका १८ मीटरपर्यंतच्या परवानगीत भरपूर बघतो, अनुभवी माणूस त्याच वेळी खाली वाळूपर्यंत जातो, दोघं एकाच वेळी बाहेर येतात. म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला दक्षिण बालीतून व्हॅनवर व्हॅन येतात आणि पाण्याखाली दादर स्टेशन होतं.

आमचे टँक वाहून न्यायला गावातल्या बायका होत्या. भरलेला टँक पंधरा किलोच्या वर जातो. तो डोक्यावर घेऊन त्या किनाऱ्यावरच्या गोल, काळ्या, निसटत्या दगडांवरून सपाता घालून चालत होत्या. त्याच दगडांवर आमच्यातले तिघं जाड सोलचे बूट घालून आपटले. हे दगड कुठून आले असं मी गाईडला विचारलं, तर त्यानं नुसती हनुवटी आगुंगकडे केली. मग म्हणाला, माझे वडील डोंगर फुटला त्या वर्षीचे. माझी आजी ‘पानशेत फुटलं तेव्हा’ अशीच वर्षं मोजायची, ते मला तिथे आठवलं. जहाज बुडालं त्या वर्षाचा, असं तुलांबेनमध्ये कोणी स्वतःबद्दल सांगताना मी ऐकलं नाही.

खाली गेल्यावर दिसतं ते बहुतेक सगळं त्याच वर्षापासून सुरू झालेलं आहे. किनाऱ्यावर उन्हात पडलेल्या लोखंडावर पोवळी उगवत नाहीत. तोफेच्या चौथऱ्यावरचे पंखे, फळ्यांच्या जागी वाढलेले मऊ प्रवाळ, मोठ्या कपाळाच्या पोपटमाशांचा पहाटेचा कळप, सगळं १९६३ नंतरचं. युद्धानं दिलं ते एक भोक पडलेलं लोखंड.

सप्टेंबर २०१७ मध्ये आगुंग पुन्हा हादरायला लागला. या वेळी भूकंपमापक होते, उपग्रह होते, आणि धोक्याची पातळी सर्वांत वर गेल्यावर लाखाहून जास्त लोकांना आधीच हलवलं. तुलांबेन ज्या कुबू तालुक्यात आहे तिथले लोकही त्यात होते. नोव्हेंबरच्या शेवटी राख उडाली, विमानतळ काही दिवस बंद पडला, जगभरच्या बातम्यांत अडकलेले पर्यटक झळकले. उद्रेकानं एकही बळी घेतला नाही. कुबूतली माणसं मात्र शाळांच्या पटांगणांत आणि सभागृहांत ताडपत्रीखाली राहत होती. पाहुणेच नाहीत तर डोक्यावर टँक कोणाचा घेणार?