पागेतील भूमिकाभिनय : एका अध्यापन-प्रयोगाची ऐतिहासिक पूर्वतयारी

मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास घोडदळाची संख्या, सरदारांची नावे आणि मोहिमांचा क्रम यांचा परिचय लवकर होतो. परंतु ज्या जनावराच्या पाठीवर ही सर्व व्यवस्था उभी होती ते जनावर त्याच्या टिपणांत केवळ आकड्याच्या रूपाने येते. 'दहा हजार घोडा' असे लिहिताना त्या दहा हजार तोंडांस रोज वैरण कोणी घातली, त्यांस लगामाची सवय कोणी लावली, पावसाळ्यात ती कोठे बांधली, हे प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाहीत. ही उणीव दूर करण्यासाठी वर्गात एका पागेवर आधारलेला सामूहिक भूमिकाभिनय योजावा, अशी सूचना प्रस्तुत लेखात करावयाची आहे. अभिनयाच्या अंगाचा येथे विचार केलेला नाही. असा प्रयोग करण्यापूर्वी साधनांचा कोणता आधार हाताशी असला पाहिजे आणि कोणत्या मर्यादा पाळल्या पाहिजेत, एवढाच येथील विषय आहे.

प्रथम या पद्धतीवर घेतला जाणारा आक्षेप पाहू. सोंग घेणे हे नाटकमंडळींचे काम, इतिहासकाराचे नव्हे, असे पुष्कळांस वाटेल. परंतु भूतकाळातील व्यक्तीचा विचार स्वतःच्या मनात पुन्हा घडविणे हेच इतिहासकाराचे कार्य होय, हा कॉलिंगवुडचा सिद्धान्त त्याच्या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे सर्वपरिचित आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून रायस्वित्झ याच्या नियमांनुसार नकाशावर युद्धाचा खेळ मांडून अधिकाऱ्यांस शिक्षण देण्यात येऊ लागले. आपल्याकडे लळितासारख्या प्रकारात एकामागून एक सोंगे आणून समाजाचे दर्शन घडविण्याची परंपरा जुनीच आहे. तेव्हा पद्धत परकी नाही. धोका आहे तो निराळा : आजच्या भावना जुन्या माणसांच्या तोंडी घालण्याचा. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे प्रत्येक भूमिकेस कागदाचे बंधन घालणे.

स्थळाची निवड हा दुसरा प्रश्न. पुण्यात बसून विचार करणाऱ्यास प्रथम सवाई माधवरावांचा शिकारखाना आठवेल. पेशव्यांच्या या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० साली काढले. ते आजही उपलब्ध आहे. गंगारामास कामास लावणारा चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील त्या काळी पुणे दरबारी होता. हे दृश्य आकर्षक खरे. पण गेंडा हे शोभेचे जनावर. त्यास कोणतेही काम शिकविलेले नव्हते, आणि त्याच्याभोवतीच्या माणसांपुढे रक्षणाखेरीज फारसा पेच नव्हता. दुसरे स्थळ ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या रणभूमीचे. तेथे मराठी घोडदळाचा हल्ला समोरच्या दलदलीत विस्कळित झाला, ही घटना घोड्याच्या अभ्यासकास महत्त्वाची आहे. तथापि लढाईचा अभिनय करू लागताच शौर्याची भाषा सर्वांचा ताबा घेते, आणि निकाल आधीच ठाऊक असल्याने विचारास जागा उरत नाही. म्हणून लढाई सोडून पावसाळी छावणी निवडावी, असे माझे मत आहे. छावणीत निर्णय रोज घ्यावे लागतात, आणि ते चुकले तर जनावरे मरतात.

छावणीतील पागेची रचना कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून उभी करता येते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, असा क्रम तो देतो. म्हणजे जुमल्यात सव्वाशे आणि हजाऱ्याच्या हाताखाली साडेबाराशे स्वार होत. पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखालजी आणि नाल ठोकण्यासाठी एक नालबंद नेमलेला असे. जुमलेदारास पाचशे होन आणि पालखी मिळे. त्याच्याजवळ हिशेबासाठी मजमदार असे. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई. दाणा, वैरण, औषधे, माणसांसाठी घरे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेल्या पागा यांची तरतूद आधीच केलेली असे. दसरा होताच लष्कर बाहेर पडे. बखर राजारामाच्या कारकीर्दीत, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या निधनानंतर लिहिली गेली, हे ध्यानात ठेवून तिच्यातील नीटनेटकी उतरंड ही आदर्श व्यवस्था समजावी. प्रत्यक्ष छावणी इतकी रेखीव असेलच असे नाही.

आदर्श आणि प्रत्यक्ष यांतील हे अंतर दाखविणारा अस्सल पुरावा सुदैवाने आपल्याजवळ आहे. चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांस शिवाजीमहाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास पाठविलेले पत्र विख्यात आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या आशयासाठी ते वारंवार उद्धृत केले जाते. परंतु सबंध पत्र वाचल्यास त्यातील युक्तिवादाचा आरंभ घोड्याच्या वैरणीपासून होतो, हे दिसून येईल. साठविलेला दाणा आणि गवत आताच बेपर्वाईने उधळल्यास भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांकडे वळाल, कोणी दाणा आणील, कोणी गवत, कोणी लाकूड. आणि मग रयत तुम्हांस मोगलांहूनही वाईट मानील, अशी ही कारणपरंपरा आहे. त्यापुढे आगीचा इशारा येतो. गवताच्या गंजीजवळ चूल, चिलीम किंवा रात्रीचा जळता दिवा असू नये; उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी वैरण जळून जाईल. उंदराची ही गोष्ट लिहिणाऱ्यास पागेची रात्र माहीत होती, याविषयी शंका उरत नाही.

या पत्रात प्रयोगाचा सबंध आराखडा सापडतो. पंचवीस घोड्यांची एक तुकडी घ्यावी. छावणीचे दिवस एकशेवीस धरावे आणि वैरण मात्र नव्वद दिवसांचीच आहे असे मानावे. हे आकडे प्रयोगापुरते कल्पित आहेत हे आरंभीच जाहीर करावे. भूमिका दहा-बारा पुरेत : जुमलेदार, हवालदार, मजमदार, दोन बारगीर, दोन शिलेदार, चाबूकस्वार, साळोत्री, नालबंद, मोतद्दार आणि शेजारच्या गावचे पाटील व कुणबी. भूमिका केवळ संख्या भरण्यासाठी वाढवू नयेत. 'खोगीरभरती' हा शब्दच मुळी जिनाच्या आतील चिंध्यांवरून आलेला आहे, याचे भान या विषयात तरी राखले पाहिजे.

यांपैकी बारगीर आणि शिलेदार यांतील भेद हा प्रयोगाचा कणा समजावा. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. घोडा मेला तर तोटा सरकारचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. तो गेला की त्याची चाकरीच गेली, आणि चाकरीबरोबर घरचे अन्न गेले. रणात शिलेदार घोड्यास जपतो, ही तक्रार हिंदुस्थानातील घोडदळाविषयी अनेक निरीक्षकांनी केली आहे. तिच्यामागे भित्रेपणा नसून हा हिशेब आहे. सभासद शिलेदारांस पागेच्या हुकमतीखाली ठेवल्याचे सांगतो त्याचे मर्म येथे आहे. वैरण अपुरी पडली की बारगीर समान वाटपाचा आग्रह धरील आणि शिलेदार आपल्या घोड्यासाठी रात्री गंजीला हात घालील. हे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, असे ज्या क्षणी वर्गाच्या ध्यानात येईल त्या क्षणी प्रयोगाचे निम्मे काम झाले.

शिक्षण देणाऱ्या माणसाची, म्हणजे चाबूकस्वाराची, भूमिका अधिक अवघड आहे. या विषयावरील शास्त्रग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्ष आणि हस्त्यध्यक्ष यांची स्वतंत्र प्रकरणे असून घोड्याच्या चालींची आणि हत्तीच्या शिक्षणाच्या टप्प्यांची वर्गवारी दिलेली आहे. उपचारातील हयगयीने घोड्याचा रोग वाढल्यास खर्चाच्या दुप्पट दंड सांगितला आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'तही अश्व आणि गज यांविषयी विस्तृत विवेचन आहे. परंतु चाबूकस्वार ही पोथी वाचून शिकला नाही. तो बापाच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकला. त्याचे ज्ञान हातात, मांडीत आणि आवाजात होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. युद्धोपयोगी जनावराचे शिक्षण हेच मुळी एक रचलेले नाटक असते. हत्तीच्या शिक्षणात कौटिल्य हत्तींशी झुंज, नगरावर चाल आणि प्रत्यक्ष संग्राम यांचे निरनिराळे पाठ सांगतो. म्हणजे शत्रू समोर नसताना शत्रू उभा करावा लागतो. घोड्यास नगाऱ्याची, धुराची आणि फडकत्या निशाणाची सवय अशीच लावावी लागते. आज पोलिसांच्या श्वानांस माग काढण्यास शिकविताना कोणीतरी मुद्दाम माग सोडून लपतो, तेथेही तत्त्व हेच. तेव्हा पागेचा भूमिकाभिनय म्हणजे तालमीची तालीम होय. फरक एवढाच की, आपण खेळ खेळतो आहोत हे विद्यार्थ्यास ठाऊक असते. घोड्यास ते ठाऊक नसते.

याच कारणास्तव घोड्याची भूमिका कोणासही देऊ नये. घोडा कागदावर राहावा. प्रत्येक घोड्याच्या नावे रंग, वय, खुणा, मालक आणि प्रकृती यांची एक नोंद करावी, आणि मजमदाराने दर फेरीस दाणा व गवताचा हिशेब मांडून ती बदलावी. एक फेरी म्हणजे छावणीचे पंधरा दिवस मानल्यास आठ फेऱ्यांत चातुर्मास संपेल. नोंदीतील घोडा 'रोड' झाला, मग 'आजारी' झाला, मग त्याच्या नावावर रेघ ओढली गेली, हे पाहताना विद्यार्थ्यास हिशेबाच्या रुक्ष कागदामागील दुःख आपोआप कळेल. त्यासाठी निराळ्या भाषणाची आवश्यकता नाही.

प्रयोगाचे नियम थोडे पण कडक असावेत. प्रत्येकाने आपल्या भूमिकेविषयी छापील साधनांतून एक पानाचे टिपण आधी सादर करावे. पुण्यात १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तर हाताशी आहेत. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड उपलब्ध आहेत. पेशवेकालीन कागद शिवकालीन छावणीस तसेच लावू नयेत, परंतु मोतद्दाराचे काम, चंदीचे प्रमाण, नालबंदाचा पगार अशा बाबींत ते तुलनेसाठी उपयोगी पडतात. अभिनयात केलेले प्रत्येक विधान नंतर तीन रकान्यांत मांडावे : कागदात असलेले, कागदावरून अनुमानिलेले, आणि केवळ कल्पिलेले. तिसरा रकाना लांब झाला तर लाज वाटण्याचे कारण नाही. तो लपविला तर मात्र आहे.

हा तिसरा रकाना सर्वांत लांब कोणाच्या भूमिकेत होतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल. जुमलेदाराचा पगार आपणांस ठाऊक आहे. ज्याने रात्रभर जागून खरारा केला, तोबरा चढविला, अगाडी-पिछाडी बांधली आणि उंदराने वात नेऊ नये म्हणून दिवा विझविला, त्या मोतद्दाराचे स्वतःचे शब्द मात्र कागदांत जवळजवळ नाहीत. कुणब्याचेही तेच. पत्र त्याच्या बाजूने लिहिलेले आहे, पण त्याने लिहिलेले नाही. ही भूमिका घेणाऱ्या विद्यार्थ्याने वाक्ये रचून ती पोकळी बुजवू नये. तो जितका वेळ गप्प राहील तितका वेळ साधनांचे मौन वर्गास ऐकू येईल.

प्रश्न केवळ सतराव्या शतकाचा नाही, हेही शेवटी नमूद करावयास पाहिजे. पेशवाईच्या अखेरच्या वर्षी, १८१७ मध्ये, उभारल्या गेलेल्या पूना हॉर्ससारख्या दलांतून शिलेदारीची पद्धत इंग्रजी अमलातही चालू राहिली आणि पहिल्या महायुद्धात मेलेल्या घोड्यांची भरपाई स्वारांस करता येईना, तेव्हा ती मोडकळीस येऊन त्यानंतर रद्द झाली. भीमथडीच्या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद तर अगदी अलीकडची. घोडा कोणाचा आणि तो मेला तर तोटा कोणाचा, या एका प्रश्नावर अडीच-तीन शतकांची लष्करी व्यवस्था तोलली गेली होती. हा प्रश्न व्याख्यानात सांगून दोन मिनिटांत संपतो. नव्वद दिवसांची वैरण समोर ठेवून तो सोडविण्यास एक दिवस लागेल, आणि विभागाने तो दिवस अवश्य द्यावा.