मेणवलीचा वाडा : विटांच्या भिंतींनी राखलेले दप्तर

सातारा जिल्ह्यात वाईपासून अवघ्या ३ किलोमीटर अंतरावर, कृष्णेच्या काठी मेणवली हे लहानसे गाव वसले आहे. येथील घाट ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटामुळे मुंबईकरांच्याही परिचयाचा झाला. मात्र घाटालगत उभ्या असलेल्या नाना फडणवीसांच्या वाड्याचे ऐतिहासिक मोल त्याहून फार मोठे आहे.

मेणवली हे गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळाले. त्यानंतर त्यांनी येथे वाडा, घाट आणि मेणेश्वर व विष्णू यांची मंदिरे उभारली. मेणेश्वराजवळ टांगलेली पंचधातूची घंटा १७३९ च्या वसई मोहिमेतील विजयाची खूण मानली जाते.

पेशवाईतील वाड्यांची बांधणी विशिष्ट पद्धतीची असे. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्यात पातळ भाजक्या विटांच्या जाड भिंती. छताचा भार मुख्यत्वे लाकूड पेली. वीट उन्हाळ्यात गारवा देई आणि पावसाला अडवी. मेणवलीच्या वाड्यात असे सहा चौक आहेत. बाहेरून बंदिस्त भासणाऱ्या वास्तूला उजेड व वारा मिळतो तो या चौकांतूनच. आतील भिंतींवर पौराणिक प्रसंगांची रंगीत चित्रे आजही पाहावयास मिळतात.

फडणीस म्हणजे राज्याच्या हिशेबाचा व कागदपत्रांचा अधिकारी. साहजिकच नानांच्या संग्रहातील असंख्य कागद या वाड्यात आले. १३ मार्च १८०० रोजी नानांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढे मेणवलीस राहिल्या. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली. पुण्यात दगडी जोत्यावर विटांचे मजले चढवून उभारलेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. मेणवलीचा वाडा मात्र वाचला आणि त्यासोबत दप्तरही वाचले. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते अभ्यासकांपुढे आणले. आज ‘मेणवली दप्तर’ हे मराठ्यांच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन मानले जाते.

ही वास्तू केवळ बांधकामाच्या बळावर टिकलेली नाही. पाझरणारे कौल वेळीच बदलले नाही, तर पाणी आधी लाकडात आणि मग भिंतीत मुरते. वंशजांनी वाडा आपल्याकडे राखला, त्याची डागडुजी केली, म्हणूनच तो आज उभा आहे.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील जुनी घरे आज पुनर्विकासात झपाट्याने नाहीशी होत आहेत. प्रत्येक घर राखणे शक्य नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु घर रिकामे करताना पेटीतील जुनी पत्रे, वह्या व दस्तऐवज रद्दीत जाऊ न देणे प्रत्येक कुटुंबाला व संस्थेला सहज शक्य आहे. मेणवलीच्या वाड्यापासून घ्यावयाचा बोध हाच होय.