दिनविशेष : ५ फेब्रुवारी
वसईच्या संताचा हौतात्म्य दिन

१५९७ : वसईत जन्मलेले ब्रदर गोन्सालो गार्सिया यांना जपानमधील नागासाकी येथे २५ सहकाऱ्यांसह क्रुसावर चढवून ठार मारण्यात आले. त्यांचे वडील पोर्तुगीज, तर आई वसईचीच. जपानमध्ये व्यापार केल्यावर ते मनिला येथे स्पॅनिश फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. जपानी भाषा अवगत असल्याने १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी गेले. या हुतात्म्यांतील सहा फ्रान्सिस्कनांपैकी चौघे स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. मेक्सिकोचे फेलिपे दे हेसुस हे त्या देशाचे पहिले संत, तर गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत. पोप पायस नववे यांनी ८ जून १८६२ रोजी या सर्व हुतात्म्यांना संतपद दिले.

तेव्हा वसईप्रमाणेच आजच्या मुंबई उपनगरांतील अंधेरी-बोरिवलीचा साष्टीचा मुलूखही पोर्तुगीजांकडे होता. आणि १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता. अंधेरीच्या सीप्झ परिसरातील १५७९ च्या चर्चचे अवशेष आणि बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवरील फ्रान्सिस्कन मठाच्या भिंती आजही त्या काळाची साक्ष देतात. वसईत संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, तर गास गावात चर्च. उपनगरवासीयांनी सुट्टीच्या दिवशी मंडपेश्वर पाहून पुढे वसईची लोकल पकडावी. हा इतिहास एका दिवसात पाहून होतो.