कार्याची नोंद आणि कर्त्याचें नांव

नोकरीच्या अर्जासोबत कार्यवृत्तांत जोडणारा उमेदवार बहुधा परीक्षांची यादी प्रथम देतो. परंतु सांगावयास परीक्षाच नसेल, तर कर्तृत्वाची साक्ष कशानें द्यावी? चंद्रपूर जिल्ह्यांतील एका भाताच्या वाणाचा इतिहास या बाबतींत मोठा बोधप्रद आहे.

नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांचें शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंतच झालें होतें. १९८३ मध्यें 'पटेल ३' भाताच्या शेतांत त्यांना कांहीं निराळ्या, पिवळसर लोंब्या आढळल्या. तें बी त्यांनीं वेगळें राखलें, पुढील वर्षीं स्वतंत्र पेरलें आणि हंगामामागून हंगाम वाढविलें. त्या बारीक तांदळास तत्कालीन लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हें नांव पडलें. १९९४ मध्यें सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानें हें बी प्रयोगासाठीं नेलें. १९९८ मध्यें कृषि विद्यापीठाचें 'पीकेव्ही एचएमटी' वाण प्रसृत झालें. शुद्धीकरणाचें श्रेय निराळें आणि शोधाचें निराळें. वाद उद्भवला तो येथेंच.

दादाजींच्या कार्याची तपशीलवार नोंद पुढें राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननें केली, आणि २००५ मध्यें राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें वाण स्वतःच्या नांवें नोंदविण्याचा हक्क दिला आहे. त्या अर्जांतहि वाणाचें मूळ व उगमस्थान सांगावें लागतें.

२०१८ मध्यें दादाजी निवर्तले. कोणत्या वर्षीं, कोठें, काय केलें आणि त्यांतून काय निष्पन्न झालें, एवढें ज्याला नेमकें लिहितां येतें, त्याच्या अर्जास विशेषणांची गरज उरत नाहीं. हें वेळींच लिहून न ठेवल्यास पीक राहतें, पण पेरणाऱ्याचें नांव मागें पडतें.